परमुलखातला कुंभार आणि मडक्यावरचं नाव

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की जुन्नर-आंबेगावच्या इतिहासाच्या मालिकेत बिहारमधून मुंबईला आलेल्या एका कुंभाराचं काय काम? शिवनेरी झाली, नाणेघाट झाला, लेण्या झाल्या, आता एकदम भाईंदर कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला आम्हाला तासभर लागणार आहे, तेव्हा जरा धीर धरा.

ज्यांच्याबद्दल बोलायचं ते ब्रह्मदेव राम पंडित. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते स्टुडिओ पॉटर आहेत. म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत, स्वतःच्या कल्पनेने, मातीची भांडी घडवणारा आणि त्या भांड्यांना आपलं नाव देणारा कलावंत. यातला ‘नाव देणारा’ हा भाग आज आपल्याला महत्त्वाचा आहे. कारण आपल्या या दोन तालुक्यांत, घोड आणि कुकडीच्या काठांवर, माणूस निदान तीन हजार वर्षं चाकावर भांडी घडवतो आहे आणि त्यातल्या एकाही कुंभाराचं नाव आपल्याला सांगता येत नाही. राजांची नावं आहेत, दात्यांची आहेत, अगदी यवनांचीही आहेत. कुंभाराचं नाही. असं का झालं, आणि ते नाव मिळवायला एखाद्याला किती लांब जावं लागलं, हे आज बघायचं आहे.

सुरुवात घरापासून करू. मंचरजवळचं चांडोली आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं गाव. तिथे घोडेच्या काठावर १९६० च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी उत्खनन केलं आणि १९६५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ताम्रपाषाणयुगातली वसाहत, ढोबळमानाने इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळातली. तिथे जी खापरं मिळाली त्यांना अभ्यासक ‘जोर्वे’ पद्धतीची भांडी म्हणतात. हे नाव संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून आलं. तिथे सांकलिया आणि देव यांनी आधी उत्खनन केलं होतं.

ही भांडी कशी असतात? चाकावर घडवलेली, पातळ, चांगली भाजलेली. टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. वर तांबूस-नारिंगी लेप आणि त्यावर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी. तोटीचं भांडं हे त्यातलं खास. तोटी वेगळी करून ओल्या भांड्याला जोडायची आणि वाळताना तिला तडा जाऊ द्यायचा नाही, हे काम सोपं नाही. मातीत कधी हात घातला असेल त्याला हे लगेच कळेल. माती आक्रसते, आणि जोडाची माती नि अंगाची माती सारख्या वेगाने आक्रसली नाही तर जोड सुटतो. म्हणजे चांडोलीचा कुंभार हौशी नव्हता. त्याच्यामागे पिढ्यांचा अनुभव होता.

याच घोडेच्या काठाने खाली शिरूर तालुक्यात गेलं की इनामगाव लागतं. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चाललं आणि कुंभाराची गोल भट्टीसुद्धा सापडली. इनामगावच्या सगळ्यात खालच्या थरात माळवा पद्धतीची भांडी मिळतात, म्हणजे ज्यांचं मूळ नर्मदेच्या पलीकडे आहे अशी. जोर्वे भांडी त्यांच्यानंतरची. आता इथे एक जुना वाद आहे: भांडी आली, की कुंभार आला? व्यापारी गोणीत घालून मडकी आणत नाही, फुटतात ती. पातळ भांडी शेकडो मैल बैलावर लादून आणण्यापेक्षा घडवणारे हात आले, आणि त्यांनी इथल्याच नदीची माती मळली, हे आम्हाला जास्त पटतं. तसं असेल तर आपल्या खोऱ्यातला पहिला चाकावरचा कुंभारच मुळात परमुलखातला. हा शब्द ‘स्थलांतरित’ आज वर्तमानपत्रात ज्या सुरात येतो तो सूर जरा बाजूला ठेवून याकडे बघा.

चांडोलीला आणखी एक गोष्ट आहे. लहान मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. ही मडकी जाडसर, हाताने घडवलेली. सुबक नक्षीचं भांडं जेवायला आणि हे ओबडधोबड भांडं पोराला घेऊन मातीत जायला. दोन्ही कोणीतरी केली. कोणी केली, हे विचारायची सोय नाही.

मग हजारेक वर्षं पुढे या. सातवाहनांचा काळ. नाणेघाटातून कोकणचा माल वर चढतो आहे, जुन्नर भरभराटीला आलं आहे. घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आपण सगळ्यांनी पाहिला आहे. जकात त्यात टाकत, असं लोक सांगतात. तो रांजण म्हणजे पाथरवटाने दगडात केलेली कुंभाराची नक्कल, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही! आकार मातीच्या रांजणाचा आहे. आकार कुंभाराचा, टिकला मात्र दगड.

आणि जुन्नरच्या लेण्यांत नावांचा नुसता सुकाळ आहे. कोण्या इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिलं. आदुथुम नावाचा शक आहे, त्याने जमिनीचं दान श्रेणीकडे सोपवलं. परक्या मुलखातून आलेली ही माणसं इथे दोन हजार वर्षं नावानिशी टिकून आहेत. कारण त्यांनी पैसे दिले आणि देणाऱ्याचं नाव कोरलं जातं. टाकं खोदणाऱ्याचं कोरलं जात नाही. जुन्नरच्या लेखांत कारागिरांच्या श्रेणी येतात, कासार येतात, बांबूकाम करणारे येतात, धान्याचे व्यापारी येतात, पण श्रेणी म्हणून. एकेकटा माणूस म्हणून नाहीत.

कुंभारांची श्रेणी हवी असेल तर नाशिकला जायला लागतं. तिथे दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. ती कुठे ठेवली? वेगवेगळ्या श्रेणींकडे. त्यातली एक ‘कुलरिक’, म्हणजे कुंभार असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. त्यांच्याकडे एक हजार कार्षापण. विचार करा, परक्या वंशाची बाई आपली पुंजी कुंभारांच्या हाती देते आहे आणि तिला खात्री आहे की व्याज वेळेवर येत राहील. आजच्या भाषेत कुंभारांची पतसंस्था म्हणा. म्हणजे पत होती, पैसा होता, संघटना होती. विष्णुदत्तेचं नाव आपल्याला माहीत आहे. ज्या कुंभारांवर तिने भरवसा टाकला त्यांच्यापैकी एकाचंही नाही.

(सभागृहातून आवाज : गोरोबाकाका!)

हो, बरोबर, वाटच बघत होतो. संत गोरा कुंभार, तेरढोकीचे. महाराष्ट्राला नावानिशी माहीत असलेला कुंभार. पण आपण गोरोबांना कशासाठी ओळखतो? भक्तीसाठी. माती तुडवताना देहभान हरपलं त्यासाठी. थापटण्याने संतांची डोकी पारखली, कोण पक्कं नि कोण कच्चं, त्यासाठी. ती गोष्ट कुंभाराच्या कामातूनच आली आहे, भाजलेलं मडकं आवाजावरून पारखायची रीत अजून बाजारात बायका वापरतात. पण गोरोबांनी घडवलेलं भांडं कसं होतं, याबद्दल कोणाला काही कुतूहल वाटलं नाही. माणूस मोठा झाला तो चाकावरून उठून. चाकावर बसून मोठं होण्याची वाट नव्हती.

का नव्हती? इथे बलुत्याकडे बघावं लागेल. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गाव-गाडा’ १९१५ साली आलं. ज्यांना गावकामगारांची व्यवस्था समजून घ्यायची आहे त्यांनी ते वाचावंच. बलुतेदारांच्या ओळी असत आणि कुंभार साधारण मधल्या ओळीतला. त्याने वर्षभर गावाला मडकी, घागरी, रांजण, पणत्या पुरवायच्या, आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. संक्रांतीला सुगडी, नवरात्रात घट, पोळ्याला मातीचे बैल, लग्नात कऱ्हे, आणि शेवटच्या वाटेवरचं मडकंही त्याच्याच घरचं. कुंभाराशिवाय माणसाचं ना लग्न होत होतं, ना मरण पार पडत होतं.

आता हिशेब बघा. मोबदला वर्षाचा, मडक्याचा नाही. एक घागर दुसरीपेक्षा डौलदार झाली म्हणून पायलीभर धान्य जास्त मिळत नाही. मग एका घागरीला दुसरीपासून वेगळं काढण्याचं कारण काय? आणि घेणारा-देणारा दोघं एकाच गावचे. खूण करायची कोणासाठी? सगळ्यांना माहीतच आहे कोणी केलं. म्हणून काही लोक म्हणतात, की नाव नसणं हा अन्याय नव्हे, गरजच नव्हती. आम्हाला हे अर्धंच पटतं. गावात ‘कुंभाराकडून आण’ असं म्हणत, माणसाचं नाव घेऊन नव्हे. जातीचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. मुलाने काय करायचं हे तो जन्मायच्या आधी ठरलेलं. त्यात हुनर होतं, पण निवड नव्हती.

आता जरा लांबचा फेरा मारू, परत इथेच यायचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टुडिओ पॉटरी नावाची चळवळ उभी राहिली. बर्नार्ड लीच हा इंग्रज, जन्म हाँगकाँगचा. जपानमध्ये तो मातीकाम शिकला आणि १९२० साली हामादा शोजी या जपानी मित्राला बरोबर घेऊन इंग्लंडात सेंट आइव्हज इथे भट्टी घातली. कारखान्यात छापून निघणाऱ्या कपबशांच्या काळात एका माणसाने एक भांडं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करायचं, हा त्यांचा आग्रह. त्यांच्या विचारांचा एक मोठा आधार होता यानागी सोएत्सु. तो म्हणे, खरं सौंदर्य अनामिक कारागिराच्या रोजच्या वापराच्या भांड्यात असतं. हामादा जपानला परतला, माशिको या कुंभारांच्या गावात स्थायिक झाला आणि त्याने आपल्या भांड्यांवर सही करणं सोडून दिलं.

फार सुंदर गोष्ट आहे ही आणि कलावर्तुळात ती मोठ्या आदराने सांगितली जाते. पण आमच्या मनात इथे नेहमी एक खडा लागतो. हामादाने सही सोडली तेव्हा जग त्याला ओळखत होतं. भांडं सहीशिवाय असलं तरी ज्या लाकडी पेटीत ते जाई त्या पेटीवर त्याचं नाव असे. नाव असलेल्याने नाव सोडणं वेगळं आणि ज्याला ते कधी मिळालंच नाही त्याचं अनामिक असणं वेगळं. दोन्हींना एकच ‘अनामिक कारागीर’ म्हणून गौरवायचं, हे शहरात बसून सोपं जातं.

परमुलखातून आलेल्या स्टुडिओ पॉटरचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ल्युसी री. व्हिएन्नाच्या ज्यू घरातली, तिथे नाव कमावलेली. १९३८ साली नाझींमुळे देश सोडून लंडनला आली, तेव्हा वय ३६. लंडनमध्ये तिला कोणी ओळखेना. लीचला तिची पातळ, नाजूक भांडी सुरुवातीला आवडली नाहीत. मग युद्धाच्या काळात तिने काय केलं? मातीची बटणं केली. कपड्यांना लावायची बटणं! बटणांवर पोट भरलं आणि त्या बटणांच्या रंगांवर झिलईचे प्रयोग करत राहिली. जर्मनीहून आलेला हान्स कोपर हा निर्वासित तरुण १९४६ साली तिच्याकडे कामाला लागला, त्याला मातीकामाचा गंधही नव्हता. पुढे तोही मोठा कलावंत झाला. लंडनमधल्या एका गल्लीतल्या जुन्या तबेल्याच्या जागेत ती १९९० पर्यंत काम करत होती; १९९५ साली ती गेली. शेवटी ‘डेम’ हा किताब मिळाला. तिच्या भांड्यांच्या तळाशी आद्याक्षरांचा छोटा शिक्का असतो.

हे सांगायचं कारण, की री आणि पंडित दोघंही घर सोडून आलेले, पण दोन्ही वाटा एकमेकींच्या उलट आहेत. री सुशिक्षित, सधन घरातून मातीकडे स्वतःहून आली. पंडित मातीतच जन्मले. त्यांना मातीकडे यायचं नव्हतं, मातीशी असलेलं नातं बदलायचं होतं.

ब्रह्मदेव राम पंडित यांचा जन्म बिहारमधल्या नवादा जिल्ह्यातला, पिढीजात कुंभाराच्या घरातला. ‘पंडित’ हे आडनाव ऐकून आपल्याकडे लोकांचा हमखास गैरसमज होतो. बिहार-झारखंडकडे कुंभार समाजात पंडित आणि प्रजापती ही आडनावं सर्रास आहेत. म्हणजे नावातच जातीचा व्यवसाय आहे, फक्त तो मराठी कानाला ओळखू येत नाही.

त्यांच्या आयुष्याला पहिलं वळण मिळालं ते सोखोदेवरा इथे. हा जयप्रकाश नारायणांचा आश्रम. १९५४ साली बोधगयेच्या सर्वोदय संमेलनात जयप्रकाशजींनी जीवनदान जाहीर केलं, पक्षाचं राजकारण बाजूला ठेवलं आणि नवादा भागातल्या या आडगावात आश्रम काढून ग्रामोद्योगाचं काम सुरू केलं. पुढच्या पिढीला जयप्रकाश म्हटलं की संपूर्ण क्रांती आणि आणीबाणी आठवते. त्याआधी वीस वर्षं हा माणूस खेड्यात चरखा, मधमाश्या, चाक यांच्या मागे होता, हे राहून जातं. तरुण ब्रह्मदेव त्या आश्रमात मातीकामाचं शिक्षण घ्यायला लागले.

कुंभाराच्या मुलाने कुंभारकाम ‘शिकायला’ जायचं, ही गोष्ट त्या काळी किती विचित्र वाटली असेल! घरात चाक आहे, बाप-आजा आहेत, शिकायचं काय? पण इथेच फरक आहे. घरात हात शिकतो. कधी पाणी लावायचं, कधी थापटायचं, भट्टीचा धूर कसा दिसला की जाळ थांबवायचा, हे सांगता येत नाही, बघून येतं. शिक्षणकेंद्रात पहिल्यांदा ‘का’ विचारलं जातं. माती का फाटते? झिलई का सुटते? किती अंशाला काय होतं? ज्याच्या हातात आधीच पिढ्यांची सवय आहे त्याला हे ‘का’ मिळालं, तर तो शहरातल्या कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याच्या दहा पावलं पुढे असतो. आमच्या मते पंडितांच्या कामाचं गमक इथे आहे.

पुढचं शिक्षण त्यांनी आपल्या सीमेवर घेतलं, बेळगाव जिल्ह्यात, खादी-ग्रामोद्योगाच्या केंद्रात. बेळगाव-खानापूरचा पट्टा मातीच्या कामासाठी जुना प्रसिद्ध. खानापूरची कौलं आणि विटा ठाऊक नाहीत असं घर त्या भागात नसेल. ग्रामोद्योगाच्या चळवळीने अशी केंद्रं मुद्दाम मातीजवळ काढली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभा केला, तोही याच हेतूने, गावच्या कुंभाराला नवी भट्टी, नवं चाक, नवी झिलई मिळावी म्हणून. या केंद्रांचा इतिहास मराठीत नीट लिहिला गेलेला नाही, हे आपलं दारिद्र्य आहे. खादीवर कपाटभर पुस्तकं आहेत.

बेळगावहून मुंबई. मुंबईत त्याआधी मातीकामाच्या दोन दुनिया होत्या आणि त्या एकमेकींना भेटत नव्हत्या. एक धारावीचा कुंभारवाडा, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा, पणत्या-माठांचा, रोजच्या धुराचा. आणि दुसरी, कलाशाळेची. सर ज. जी. कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी या इंग्रज प्रमुखाने मातीकामाचा विभाग काढला होता. सिंधी पद्धतीची झिलई आणि अजिंठ्याच्या नकलांवरून घेतलेली चित्रं असलेली ती भांडी विलायतेच्या प्रदर्शनांत गाजली. त्यांवर नाव असे ते शाळेचं, नाहीतर ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’चं. चाकावर बसलेल्या हातांचं तिथेही नाही. शंभर वर्षांनंतर एक पिढीजात कुंभार या दुसऱ्या दुनियेत आपल्या नावाने शिरला, हे मोठं पाऊल होतं.

पंडितांनी पुढे भाईंदरला स्वतःची कार्यशाळा उभी केली. मिठागरांचं, खाडीचं ते गाव. तिथे त्यांनी स्टोनवेअरचं काम केलं, विद्यार्थी घडवले, आणि घरातली पुढची पिढीही याच कामात आली. ही शेवटची गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. वडिलांचं काम मुलाने करायचं, ही जुनीच रीत. पण आता मुलासमोर दुसरे रस्ते उघडे असताना त्याने ते निवडलं. दिसायला तेच, पण त्याचा अर्थ पार बदलला.

आता मातीकडे या, म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावशी गाठ पडेल. गावचं मडकं भाजलं जातं साधारण सातशे ते नऊशे अंशांना. स्टोनवेअर भाजतात बाराशे ते तेराशे अंशांना. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. त्याच्या झिजेतून झालेली माती लोहाने भरलेली. ती मडक्याला उत्तम, पण बाराशे अंशांपर्यंत नेली तर फुगते, बसते, वितळते. काळी माती तर त्याआधीच, वाळतानाच फाटते. म्हणून आपला कुंभार नदी-तळ्याच्या गाळाची माती घेतो आणि तिच्यात लीद, राख मिसळतो. स्टोनवेअरला वेगळी माती लागते, गुजरातेत थानची, राजस्थानात बिकानेरची, किंवा आपल्या सिंधुदुर्गातली चिनी माती. म्हणजे महाराष्ट्रातल्या स्टुडिओत कुंभार परमुलखातला असो वा नसो, माती बहुतेक वेळा परमुलखातलीच असते!

राखेवरून आठवलं. झिलई म्हणजे शेवटी काय, भांड्यावर वितळून बसलेली काच. लाकडाची राख, फेल्डस्पार, गारगोटी यांचा मेळ. आणि आपल्या जुन्नर तालुक्यात बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा जो थर आहे तो सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीचा मानतात. नेमक्या कोणत्या उद्रेकाचा, यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे. स्थलांतरितांची यादी करायचीच असेल तर तिच्यापासून सुरू करा. ज्वालामुखीची राख झिलईत चालते, कुंभार ती वापरतात. पण बोरीची कोणी पोत्यात भरू नका, ती शास्त्रज्ञांसाठी राहू द्या. (हशा)

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. जास्त तापमान म्हणजे जास्त प्रगत, असं नाही. स्टोनवेअरच्या सुरईत पाणी गार होत नाही, कारण ते भांडं पाझरतच नाही. माठ गार करतो तो त्याच्या सच्छिद्रपणामुळे; बाहेर पाझरलेलं पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपल्या कुंभाराने कमी तापमानाला भाजलं ते अज्ञानाने नव्हे. पंडितांसारखा माणूस दोन्ही जाणतो, आणि म्हणून त्याच्या हातचा आकार स्टोनवेअरमध्ये गेला तरी मडक्याची गोलाई विसरत नाही.

आणि आता नावाचा मुद्दा. शहरात विकत घेणारा अनोळखी असतो. तिथे मोबदला वर्षाचा नाही, एकेका भांड्याचा. म्हणून तिथे नाव लागतं. गाव सोडल्यावरच कुंभाराला नाव मिळालं, यातला सल आम्हाला लपवायचा नाही. पंडित नवाद्यातच राहिले असते तर हात तोच असता, माती मळायची रीत तीच असती, आणि आज आपण त्यांच्याबद्दल बोलत नसतो. मग नवाद्यात, किंवा मंचर-ओतूर-घोडेगावात, जे राहिले त्यांच्यात असा हात नव्हताच, असं कोण म्हणेल?

आपल्याकडे बलुतं मोडलं ते एका दिवसात नाही. आधी पितळ-तांबं आलं, मग ॲल्युमिनियम, मग प्लॅस्टिक. आंबेगाव तालुक्यात तर गावच उठलं. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव आहे ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कारभार घोडेगावहून चालतो. धरणग्रस्तांच्या यादीत शेतकऱ्याला जमिनीचा हिशेब दाखवता येतो. बलुतेदाराचा हक्क मात्र गावाशी बांधलेला, सातबाऱ्यावर न येणारा. गाव गेलं की तो कागदावर मांडायचा कसा? पुनर्वसनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न धरणाखालच्या प्रत्येक गावाबद्दल विचारायला हवा, आणि जुनी माणसं आहेत तोवर विचारायला हवा.

तेव्हा आमची एक विनंती आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर जुना रांजण, धान्याची कणगी-मडकी, तेलाचं बुधलं असेल, त्यांनी ते कोणाकडून घेतलं हे घरातल्या आजीला विचारून लिहून ठेवा. जातीचं नको, माणसाचं नाव लिहा. गाव लिहा. आणि भांडं उलटं करून बघा. चाकावरून उतरवताना दोऱ्याने कापल्याची वळणदार रेघ तळाला दिसते, आतल्या बाजूला बोटांचे वळ दिसतात. धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की जुन्या आंबेगावचे अवशेष उघडे पडतात, पाहायला पुष्कळ लोक जातात. तिथे खापर दिसलं तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, खिशात घालू नका.

घोडेच्या काठच्या या उत्खननांतली भांडी पाहायची असतील तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. तोटीचं भांडं शोधा आणि तोटीचा जोड जवळून बघा. आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, त्यांच्याकडे ध्वनिक्षेपक द्या.